लिनक्सची फायरवॉल: अख्खा दरवाजा नको, दिंडी उघडा

लॅपटॉपवर शेअर केलेला फोल्डर दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. मोबाइल आणि लॅपटॉपची जोडी जुळत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी चालवलेलं छोटं संकेतस्थळ मित्राच्या फोनवर उघडत नाही. अशा वेळी ज्याला म्हणून फोन लावाल, तो आधी हेच सांगतो, "फायरवॉल बंद करून बघ." आपण बंद करतो. कधी काम होतं, कधी होत नाही. पण दोन्ही वेळा ती परत चालू करायची राहून जाते, आणि वर्षभराने आपल्यालाच आठवत नाही की ती बंद आहे.

हा प्रश्न आता जास्त घरांत येतो आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणारे पण एरवी धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप त्या सुमारास लिनक्स मिंट किंवा उबुंटूवर गेले. विंडोजमध्ये फायरवॉल मुळात चालू असते आणि नवा प्रोग्राम आला की "याला परवानगी द्यायची का?" असं विचारते. लिनक्समध्ये सहसा असं कोणी विचारत नाही. त्यामुळे ती आहे का, असली तर चालू आहे का आणि तिने नक्की काय अडवलं आहे, हे आपणच जाऊन बघावं लागतं.

पुढे वाचण्याआधी एक सोय सांगतो. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. बहुतेकींच्या आधी 'सुडो' येतं. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो आणि तो टाइप करताना पडद्यावर बऱ्याचदा ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, रीतच तशी आहे.

आधी बघा, ती चालू तरी आहे का

लिनक्समध्ये खरं अडवण्याचं काम कर्नलच करतो. कर्नलच्या या भागाचं नाव नेटफिल्टर. त्याला नियम सांगायची साधनं मात्र काळानुसार बदलत गेली. २००१ साली कर्नल २.४ बरोबर आयपीटेबल्स आलं, २०१४ च्या जानेवारीत कर्नल ३.१३ मध्ये एनएफटेबल्स आलं. ही दोन्ही साधनं जाणकारांसाठी. आपल्यासारख्यांना त्यांच्याशी थेट बोलावं लागू नये म्हणून मध्ये दोन दुभाषे आहेत. उबुंटू आणि मिंटच्या घराण्यात यूएफडब्ल्यू, तर फेडोरा, रेड हॅट आणि ओपनसुसेच्या घराण्यात फायरवॉलडी. आपलं घराणं कोणतं हे ठाऊक असलं की निम्मी वाट सरते.

आता गंमत ऐका. उबुंटू आणि मिंटमध्ये यूएफडब्ल्यू आधीपासून बसवलेलं असतं, पण चालू केलेलं नसतं. डेबियनमध्ये तर पहिल्या दिवशी कसलाच नियम लागू नसतो. म्हणजे "फायरवॉल कशी बंद करू?" असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांची फायरवॉल आधीच झोपलेली असते आणि दोष बिचारा भलत्याच ठिकाणी असतो.

म्हणून पहिली कमांड 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज'. उत्तरात 'इनॅक्टिव्ह' आलं, तर यूएफडब्ल्यूला दोष देणं थांबवा. 'ॲक्टिव्ह' आलं, तर खाली नियमांची यादी दिसेल. फेडोरावाल्यांनी 'सुडो फायरवॉल-सीएमडी --स्टेट' द्यावी आणि मग 'सुडो फायरवॉल-सीएमडी --लिस्ट-ऑल'. टर्मिनल नकोसं वाटत असेल, तर मिंटच्या मेनूमध्ये 'फायरवॉल कॉन्फिगरेशन' नावाची खिडकी आहे. जीयूएफडब्ल्यू म्हणतात ते हेच. उबुंटूमध्ये ते वेगळं बसवावं लागतं.

बोलायला सुरुवात कोणी केली

फायरवॉल समजून घ्यायची तर एकच प्रश्न विचारत राहायचा: आधी हाक कोणी मारली?

यूएफडब्ल्यूचं मूळ धोरण असं असतं की बाहेरून आत येणारं अडवायचं आणि आतून बाहेर जाणारं जाऊ द्यायचं. आपण बँकेचं पान उघडतो, अपडेट उतरवतो, व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा हाक आपण मारलेली असते. कर्नल ती हाक लक्षात ठेवतो आणि तिचं उत्तर आलं की मुकाट्याने आत घेतो. या कामांसाठी कसलंही दार उघडावं लागत नाही. वायफायवरच्या प्रिंटरवर कागद छापायचा असेल, तरी बहुधा नाही, कारण लॅपटॉपच प्रिंटरकडे जातो. उलट लॅपटॉपला जोडलेला प्रिंटर घरातल्या इतरांना वापरू द्यायचा असेल, तर मात्र ६३१ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे त्या कामाचं दार, उघडावं लागेल, कारण आता दार ठोठावणारे दुसरे आहेत.

यात एक फट आहे. काही साधनं शोध घेताना एकालाच हाक मारत नाहीत, अख्ख्या आळीत आरोळी ठोकतात, "कोणी स्कॅनर आहे का?" आरोळी गेली सगळ्यांना आणि उत्तर आलं एकाच घरातून. कर्नलच्या वहीत त्या घराला हाक मारल्याची नोंदच नसते, म्हणून खरं उत्तरही तो परका समजून परतवतो. नेटवर्कवरचे काही स्कॅनर फायरवॉल चालू असताना सापडत नाहीत आणि बंद केली की लगेच सापडतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. फोन आणि लॅपटॉप जोडणारं केडीई कनेक्टही अशाच आरोळ्यांवर चालतं.

चूक काय म्हणते ते नीट वाचा

फायरवॉलच दोषी आहे का, हे ओळखायला मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे जोडणी न होण्याचा संदेश. लोक तो न वाचताच खिडकी बंद करतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून 'एनसी -झेडव्ही', मग आपल्या लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक अशी कमांड द्या आणि काय उत्तर येतं ते बघा.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं तत्काळ आलं, तर हाक बहुधा लॅपटॉपपर्यंत पोचली होती, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेलंच नव्हतं. घरी कोणी नाही, एवढाच अर्थ. इथे फायरवॉल बंद करून काहीही हाती लागत नाही. प्रोग्राम चालू आहे का ते बघा.

बराच वेळ नुसतं थांबून शेवटी 'टाइम्ड आउट' आलं, तर हाक वाटेत कोणीतरी गिळली. यूएफडब्ल्यू अगदी असंच वागतं. ते नाही म्हणत नाही, उत्तरच देत नाही. संशय घ्यायला इथे जागा आहे.

'नो रूट टू होस्ट' हा संदेश सगळ्यांत फसवा. वाचणाऱ्याला वाटतं की वायफायच तुटलंय. फायरवॉलडी मात्र पाहुण्याला परतवताना जे उत्तर पाठवते, त्याचं भाषांतर पलीकडचा लिनक्स कॉम्प्युटर याच शब्दांत करतो. पिंग व्यवस्थित जातोय आणि तरीही हा संदेश येतोय, तर फायरवॉलडीचे नियम उघडून बघा. पिंगवर जास्त विसंबूही नका. यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी दोन्हीही पिंगला मुळातच येऊ देतात. पिंग लागला याचा अर्थ कॉम्प्युटर जागा आहे, पोर्ट उघडं आहे असा नव्हे.

लॅपटॉपवर कोण कुठे ऐकत बसलंय हे 'सुडो एसएस -टीयूएलपीएन' सांगते. पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ दिसलं, तर तो प्रोग्राम फक्त आतल्या माणसांशी बोलतो. बाहेरच्याची हाक त्याच्या कानावर पडणारच नाही, मग फायरवॉल असो वा नसो. डेबियन आणि उबुंटूवर डेटाबेस बसवला की तो मुद्दाम असाच ठेवलेला असतो. प्रोजेक्ट मित्राच्या फोनवर न उघडण्याचं कारणही निम्म्या वेळा हेच. प्रोग्रामला ०.०.०.० या पत्त्यावर ऐकायला सांगितलं की काम होतं. राहिलं राउटरचं 'गेस्ट' वायफाय. ते जोडलेल्या उपकरणांना बहुधा एकमेकांशी बोलूच देत नाही, आणि त्यावर लिनक्सकडे काही इलाज नाही.

दिंडी कशी उघडायची

जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या अजस्र दरवाजात एक लहानशी दिंडी असते. रोजची ये-जा तिच्यातूनच. हत्ती आला तरच अख्खा दरवाजा उघडायचा. फायरवॉलच्या बाबतीत घरात हत्ती येण्याचे प्रसंग फारच थोडे.

समजा, घरातल्या कॉम्प्युटरना तुमचा फोल्डर दिसायला हवा. हे काम साम्बा करतो आणि मुख्यतः ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर करतो. 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ साम्बा' म्हटलं, त्यात 'साम्बा'चं पहिलं अक्षर मोठं ठेवलं, की लागणारी सगळी पोर्ट एकदम उघडतात. पण ती कोणालाही उघडतात. त्याहून बरं म्हणजे फक्त घरच्यांना उघडणं: 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ४४५ प्रोटो टीसीपी'. १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरून आलात तरच आत या, एवढंच ही लांबलचक कमांड सांगते. तुमच्या घरातले पत्ते दुसऱ्या आकड्यांनी सुरू होत असतील, तर ते घाला. 'आयपी ए' ही कमांड ते दाखवते.

केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ ही पोर्ट लागतात, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ १७१४:१७६४/टीसीपी' आणि मग तीच कमांड शेवटी यूडीपी लिहून. त्यातली एक विसरलात, तर जोडी अर्धवट जुळते आणि दोष फोनवर येतो.

नको झालेला नियम काढायला 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड' देऊन क्रमांक बघा आणि 'सुडो यूएफडब्ल्यू डिलीट ३' असं म्हणा. एक काढला की खालच्यांचे क्रमांक वर सरकतात. पाचवा आणि सातवा दोन्ही काढायचे असतील तर आधी सातवा. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिला लागू पडणारा नियमच चालतो हेही ध्यानात असू द्या. वर 'येऊ दे' असताना खाली कितीही 'अडव' लिहिलंत, तरी तो येणारच. अशा वेळी 'इन्सर्ट १' वापरून अडवणारा नियम सर्वांत वर घालावा लागतो.

फायरवॉलडीची चाल वेगळी. तिथे झोन असतात: पब्लिक, होम, वर्क, ट्रस्टेड वगैरे. घरच्या वायफायला होम, हॉस्टेलच्या वायफायला पब्लिक असं ठरवून दिलं की लॅपटॉप जागा बदलल्यावर नियमही बदलतो. कल्पना मला फार आवडते, वापरताना मात्र फारसं कोणी दिसत नाही. फेडोरा वर्कस्टेशनचा स्वतःचा झोन बराच सैल आहे. १०२५ पासून वरची सगळी पोर्ट त्यात उघडीच असतात. म्हणून तिथे केडीई कनेक्ट काही न करता चालतं, आणि म्हणूनच सार्वजनिक वायफायवर फेडोरा वापरताना झोन बदलून पब्लिक करणं शहाणपणाचं.

फायरवॉलडीत हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे '--परमनंट'. 'सुडो फायरवॉल-सीएमडी --ॲड-सर्व्हिस=साम्बा' म्हटलं की नियम लगेच लागू होतो, पण कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की गायब. मागे '--परमनंट' जोडलं की नियम लिहून ठेवला जातो, पण लागू होत नाही. त्यासाठी '--रीलोड' द्यावं लागतं. आज चाललेलं उद्या का चालत नाही, किंवा आत्ता लिहिलेलं आत्ता का चालत नाही, या दोन्ही कोड्यांचं उत्तर इथे आहे. माझी पद्धत अशी की आधी तात्पुरता नियम लावायचा, काम झालं की '--रनटाइम-टू-परमनंट' म्हणायचं.

बंदच करायची असेल तर

शंका मिटवायला पाच मिनिटं बंद करून बघण्यात काही गैर नाही. घरच्या वायफायवर करा, रेल्वे स्टेशनच्या नको. यूएफडब्ल्यूसाठी 'सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल' आणि परत आणायला 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल'. डिसेबल केलेलं यूएफडब्ल्यू कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावरही बंदच राहतं. तुमचे नियम मात्र पुसले जात नाहीत. ते पुसायला 'रीसेट' आहे, आणि तेही जुन्या नियमांची प्रत तारखेसकट बाजूला ठेवतं.

फायरवॉलडीत 'सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप फायरवॉलडी' केलं तर ती आत्तापुरती थांबते आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर परत येते. 'डिसेबल' म्हटलं तर आत्ता चालूच राहते, पण पुढच्या वेळी येत नाही. तपासणीसाठी 'स्टॉप' हाच बरा. विसरलात तरी ती आपणहून हजर.

एक कमांड कुठे वाचलीत तरी देऊ नका: 'आयपीटेबल्स -एफ'. "सगळे नियम पुसा" म्हणून ती सर्रास सांगितली जाते. पण यूएफडब्ल्यू चालू असताना मूळ धोरण 'येणाऱ्याला अडव' असं असतं. नियम पुसले की अपवाद तेवढे जातात आणि धोरण मागे राहतं. मोकळं करायला गेलात आणि सगळंच बंद करून बसलात. तसंच यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर चालू ठेवू नका. एका घरात दोन कारभारी झाले की काय होतं, ते सांगायला नको.

तपासून झाल्यावर काम चालत असेल, तर फायरवॉल चालू करा आणि 'सुडो यूएफडब्ल्यू लॉगिंग ऑन' म्हणून परत एकदा तेच काम करून बघा. मग 'सुडो टेल /व्हार/लॉग/यूएफडब्ल्यू.लॉग' मध्ये 'यूएफडब्ल्यू ब्लॉक' असलेल्या ओळी शोधा. 'एसआरसी' पुढे हाक मारणाऱ्याचा पत्ता आणि 'डीपीटी' पुढे पोर्ट क्रमांक असतो. कोणती दिंडी हवी, हे फायरवॉल स्वतःच सांगते.

दूरचा सर्व्हर

आतापर्यंतच्या चुका घरात बसून सुधारता येतात. भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर तसं नसतं. मी स्वतः एकदा रात्री साडेअकराला नव्या सर्व्हरवर यूएफडब्ल्यू चालू केलं. चालू असलेली एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करण्याची, जोडणी तुटू शकते असा इशारा त्याने दिला होता आणि पुढे जायचं का असंही विचारलं होतं. मी सवयीने होय म्हटलं. उघडी खिडकी चालूच राहिली, म्हणून निर्धास्तपणे ती बंद केली आणि सकाळी आत जाता येईना. एसएसएचचं २२ क्रमांकाचं पोर्ट उघडायला मी विसरलो होतो. चालू असलेलं बोलणं फायरवॉल सहसा तोडत नाही, नव्या हाकेला मात्र उत्तर देत नाही. शेवटी भाडं घेणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या कन्सोलमधून आत शिरलो.

तेव्हापासूनचा क्रम असा. आधी 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच', मग 'एनेबल', मग जुनी खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत जाऊन बघायचं. एसएसएचचं पोर्ट बदललेलं असेल, तर तो आकडा घालायचा, कारण नुसतं 'एसएसएच' म्हटलं की २२ च उघडतं. 'अलाउ'च्या जागी 'लिमिट' वापरलं, तर एकाच पत्त्यावरून ३० सेकंदांत सहा किंवा जास्त वेळा हाक आली की पुढच्या हाका नाकारल्या जातात. पासवर्ड ओळखत बसणाऱ्या यंत्रांना हा चांगला लगाम. फायरवॉलडीत '--टाइमआउट=१०एम' जोडून नियम लावला, तर दहा मिनिटांनी तो आपोआप उतरतो. यूएफडब्ल्यूत ही सोय नाही. तिथे मी 'ॲट' वापरून पाच मिनिटांनंतरचं 'यूएफडब्ल्यू डिसेबल' ठरवून ठेवतो आणि सगळं ठीक दिसलं की ते रद्द करतो.

सर्व्हर क्लाउडवरचा असेल, तर बाहेर आणखी एक फायरवॉल असते. ती कंपनीच्या संकेतस्थळावरून बदलायची. आतली बंद करूनही पोर्ट उघडत नसेल, तर तिथे बघा.

आणि डॉकर, म्हणजे प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन. डॉकर कंटेनरचं पोर्ट बाहेर काढतो, तेव्हा तो नेटफिल्टरमध्ये स्वतःचे नियम लिहितो आणि त्यावरची ये-जा यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. यूएफडब्ल्यूच्या यादीत ८०८० चं नावही नसतं आणि ते पोर्ट जगाला उघडं असतं. मागच्या दाराने गेलेल्याची नोंद पुढच्या दारावर कशी असणार? उपाय सोपा आहे. पोर्ट देताना नुसतं ८०८०:८० न लिहिता १२७.०.०.१:८०८०:८० असं लिहायचं, म्हणजे ते यंत्राच्या आतच राहतं.

राउटर आहे की, मग हिची गरज काय

हा प्रश्न रास्त आहे. घरचा राउटर एकच सार्वजनिक पत्ता सगळ्यांत वाटतो, त्यामुळे बाहेरच्याला आतला लॅपटॉप थेट दिसत नाही. पण हे जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांपुरतं. भारतातल्या मोठ्या मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्या आता आयपीव्ही६ देतात, आणि त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मग बाहेरून आलेल्या हाकेला अडवणं राउटरच्या सेटिंगवर राहतं, आणि ती सेटिंग उघडून बघितलेली माणसं मला तरी फार भेटलेली नाहीत. यूएफडब्ल्यू दोन्ही प्रकारचे पत्ते सांभाळतं. यादीत तोच नियम खाली 'व्ही६' लावून परत दिसतो, तो याचसाठी. घाबरून तो पुसू नका.

शिवाय लॅपटॉप घरात थोडाच राहतो? कॉलेजच्या लॅबमध्ये, लॉजवर, एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याच्या वायफायवर तुमच्या शेजारी कोण बसलंय, ते राउटर बघत नाही. साम्बाचा नियम घरच्या पत्त्यांपुरता ठेवला असला, तरी त्या लॉजच्या वायफायवरचे पत्तेही १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर तो तिथल्या सगळ्यांनाच लागू होतो. अशा ठिकाणी मी फायरवॉलच्या नादी न लागता 'सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप एसएमबीडी' म्हणून साम्बाच थांबवतो.